मॅगव्हीलवरचे तपकिरी ठिपके घासून का जात नाहीत

गाडी चकचकीत धुऊन घेतली, चाकं पुसली, आणि दुसऱ्या दिवशी बघावं तर मॅगव्हीलच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या अलॉय चाकाच्या, रिमवर बारीक तपकिरी ठिपके तसेच. जुन्या गाड्या सांभाळणाऱ्या प्रत्येकाला ही तक्रार माहीत आहे. कारण साधं आहे. ब्रेक दाबला की पॅड बिडाच्या डिस्कवर घासतात आणि दोन्हींचा भुगा उडतो. त्यातला पॅडचा राळ-ग्रॅफाइटचा काळा भाग शाम्पूने निघून जातो. लोखंडाचे कण मात्र तापलेले असतात. ते रिमवरच्या लॅकरमध्ये (पारदर्शक संरक्षक थरात) रुततात आणि पाणी लागलं की जागच्या जागी गंजतात. असा कण घासून काढायला गेलं की आधी भोवतालचं लॅकर जातं, कण तिथेच राहतो. म्हणून लोखंड विरघळवून काढायचं.

आपल्याकडे खान्देशात हा त्रास जास्त जाणवायला घाट कारणीभूत आहेत. कन्नड घाटातून चाळीसगावकडे किंवा कोंडाईबारीतून नवापूरकडे उतरताना सगळा वेळ ब्रेकवर पाय राहिला, तर पुढची दोन चाकं घरी येईपर्यंत काळी पडतात. ब्रेकचा बहुतेक भार पुढेच असतो, त्यामुळे मागची तुलनेने स्वच्छ दिसतात. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरायची सवय लावली तर धूळ नक्की कमी होते, पॅडही जास्त टिकतात.

आधी रिमवर काय आहे ते ओळखा

बाटली हातात घेण्याआधी हे करायलाच हवं, आणि नेमकं हेच बहुतेक जण करत नाहीत. रिमच्या आतल्या बाजूला, कुणाला दिसणार नाही अशा जागी, पांढऱ्या चिंधीवर थोडं मेटल पॉलिश घेऊन घासा. चिंधी लगेच काळी झाली तर अ‍ॅल्युमिनियम उघडं आहे. काळी झाली नाही तर वर लॅकर आहे. रंगवलेल्या रिमवर चिंधीला रंग उतरेल. १९९८ची लान्सर असो, पुण्यात जुळणी झालेली मर्सिडीज डब्ल्यू१२४ असो किंवा नंतर बाजारातून बसवलेले अलॉय असलेली एस्टीम असो, एवढ्या वर्षांत रिम कुणी पॉलिश केले, कुणी रंगवले, हे सांगता येत नाही. चारही चाकं एकसारखी असतील असंही धरू नका.

अ‍ॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा एक पातळ थर असतो आणि तोच त्याला सांभाळतो. तीव्र आम्ल किंवा तीव्र अल्कली लागली की हा थर विरघळतो. फरशी धुण्याचं अ‍ॅसिड, कॉस्टिक, अगदी धुण्याचा सोडासुद्धा उघड्या अलॉयवर घातक आहे. पृष्ठभाग करडा, पांढुरका होतो आणि मग पॉलिशशिवाय इलाज उरत नाही. वॉशिंग सेंटरवर चाकांवर मारायचा फवारा कशाचा आहे हे विचारा. पाच मिनिटांत काळं रिम पांढरं करणारं पाणी बहुधा आम्लाचं असतं. लॅकरला बारीक तडा असेल तर ते त्यातून आत शिरतं आणि काही महिन्यांनी लॅकरखाली दोऱ्यासारख्या पांढऱ्या रेषा पळू लागतात. हा गंज एकदा सुरू झाला की धुऊन थांबत नाही. रिम लॅकर काढून नव्याने करावं लागतं.

धुण्याची वेळ आणि पाणी

एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळला सकाळी आठनंतर चाकं धुवायला घेऊ नका. रिम तापलेलं असेल तर रसायन दोन मिनिटांत सुकतं आणि त्याचे डाग पडतात. पहाटे, सावलीत, आणि गाडी किमान तासभर उभी असताना काम करा. हात लावून बघा, रिम आणि डिस्क दोन्ही गार हवेत. तापलेल्या डिस्कवर गार पाणी पडलं तर डिस्क वाकू शकते.

पाणी हा आपला खरा अडसर. बोअरचं पाणी जड, सुकलं की पांढरे ठिपके ठेवून जातं. काही जण आरओचं वाया जाणारं पाणी गाडीसाठी साठवतात. मनात हेतू चांगला असतो, पण त्या पाण्यात क्षार मूळ पाण्यापेक्षा जास्त असतात, त्यामुळे डाग वाढतात. ते पाणी पहिल्या धुण्याला, चिखल उतरवायला वापरा. शेवटच्या धुण्यासाठी एसीच्या नळीचं पाणी साठवा. ते हवेतल्या वाफेचं असतं, त्यात क्षार जवळजवळ नसतात. फडक्यातून गाळून घ्या, एका चाकाला दोन-तीन लिटर पुरतं.

प्रत्यक्ष काम

एका वेळी एकच चाक घ्या. पाईपने भरपूर पाणी मारून सुटी माती उतरवा. कापसाच्या काळ्या रानातून गाडी गेली असेल तर रिमच्या आत मातीचे थर घट्ट बसलेले असतात. ते कोरडे खरवडू नका, मातीतले वाळूचे कण लॅकरवर ओरखडे काढतात. ओलं फडकं टाकून अर्धा तास भिजू द्या, मग प्लॅस्टिकच्या पट्टीने सोडवा. एकाच चाकात माती राहिली तर चाकाचा तोल बिघडतो आणि ताशी ऐंशीच्या आसपास स्टिअरिंग थरथरतं. बॅलन्सिंगला जाण्याआधी आत डोकावून बघा.

मग साधा, न्यूट्रल पीएचचा (ना आम्ल, ना अल्कली) कार शाम्पू, दहा लिटर पाण्यात बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात. चाकांची बादली, फडकं, ब्रश वेगळे ठेवा, ते बॉडीला लावू नका. नटांच्या खळग्यांसाठी रंगाचा एक-दीड इंची मऊ ब्रश उत्तम. त्याच्या पत्र्याच्या पट्टीवर टेप गुंडाळा, नाहीतर तीच पट्टी रिमला खरचटते. तारेची घासणी आणि हिरवी स्क्रबर रिमच्या दर्शनी भागाजवळ आणू नका.

शाम्पू धुऊन गेल्यावर आयर्न रिमूव्हर. यात थायोग्लायकोलेट नावाचा घटक असतो, तो लोखंडाशी जुळून जांभळा रंग देतो आणि कण सुटतो. एका चाकाला ३० ते ५० मिलि पुरतं. फवारून तीन-चार मिनिटं थांबा, मऊ ब्रश फिरवा, आणि सुकायच्या आत भरपूर पाण्याने धुवा. वास कुजक्या अंड्यासारखा येतो, त्यामुळे मोकळ्या हवेत, हातमोजे घालूनच. वर्षानुवर्षांचे ठिपके एका खेपेत जात नाहीत. पुढच्या चाकांना दोनदा लावायची तयारी ठेवा. एकदाच जास्त वेळ ठेवण्यापेक्षा दोनदा कमी वेळ ठेवलेलं चांगलं.

जांभळा ओघळ दिसला की रिम फार घाण होतं असं नवख्यांना वाटतं. फवारा डिस्कवर किंवा हबवर (चाक ज्यावर बसतं त्या भागावर) गेला तरी तोच ओघळ येतो, कारण तेही लोखंडच. रिमवर फवारलं आणि रिमवरच जांभळं झालं, तेवढंच खरं माप. उघड्या अ‍ॅल्युमिनियमवर हे रसायन आधी कोपऱ्यात करून बघा, काही रिम काळवंडतात.

काळे, चिकट आणि जांभळे न होणारे ठिपके डांबराचे. डांबर लोखंडाच्या रसायनाला दाद देत नाही. टार रिमूव्हर फडक्यावर घेऊन एक मिनिट दाबून धरा आणि पुसा. बॅलन्सिंगच्या जुन्या चिकटवलेल्या वजनांचा डिंकही यानेच निघतो. रॉकेल स्वस्त पडतं, पण त्याचा तेलकट थर राहतो, आणि तो डिस्कवर किंवा पॅडवर गेला तर ब्रेक घसरतो. नवी वजनं बसवताना रिमच्या काठावर ठोकून बसवायची क्लिप टाळा, आतून चिकटवायची मागा. क्लिपने काठाचं लॅकर तुटतं आणि गंजाची सुरुवात बहुतेक तिथूनच होते.

वर्षातून एकदा चाक काढून आतली बाजू धुवा. नट चाक जमिनीवर असतानाच सैल करा, दुसऱ्या चाकांना दगड लावा, जॅकच्या जोडीला स्टँड द्या. चाक हबला चिकटलं असेल तर टायरवर रबरी हातोड्याने आलटून पालटून मारा, रिमवर नाही. पोलादी हब आणि अ‍ॅल्युमिनियमचं रिम, मधे ओल, की पांढरा गंज धरतोच. हबचा पृष्ठभाग तारेच्या ब्रशने साफ करा आणि मधल्या गोल उंचवट्यावर अँटीसीझचा (धातू एकमेकांना चिकटू न देणाऱ्या लेपाचा) अगदी पातळ हात द्या. नटांच्या आट्यांना काही लावू नका. नट कंपनीच्या मापानेच आवळा, होंडाला १०८ न्यूटन-मीटर, डब्ल्यू१२४च्या बोल्टना ११०. शंभर किलोमीटरनंतर पुन्हा तपासा.

चाक बाहेर असताना ब्रेकवर कंप्रेसरची हवा मारू नका. जुन्या गाडीत जुन्या साठ्यातले पॅड किंवा शू (ड्रम ब्रेकमधले घासणारे भाग) असतील तर त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ती धूळ फुप्फुसात गेली की निघत नाही. ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका.

पुसून कोरडं झाल्यावर व्हील सीलंटचा पातळ थर द्या. कार्नोबा मेण ८२ ते ८६ अंशांना वितळतं, म्हणून घाटातल्या ब्रेकच्या उष्णतेला ते फार टिकत नाही. सिंथेटिक सीलंट जास्त टिकतं आणि पुढची धूळ नुसत्या शाम्पूने उतरते. धुतल्यावर गाडी लगेच उभी करू नका. हळू चालवत चार-पाच वेळा ब्रेक दाबा, म्हणजे डिस्क सुकते आणि पॅड गंजून चिकटत नाहीत.

घाण वाचता येते

पुढचं एक चाक दुसऱ्यापेक्षा स्पष्ट काळं असेल तर त्या चाकाच्या कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) पिना जाम आहेत किंवा पिस्टन मागे सरकत नाही. गाडी चालवून आल्यावर ते चाक हाताला जास्त गरमही लागेल. पुढच्या रिमच्या आतल्या बाजूला ग्रीसचे शिंतोडे असतील तर एक्सलचं रबरी बूट फाटलं आहे. मागे ड्रम ब्रेक असताना रिमच्या आत ओला, चकाकणारा ओघळ दिसला तर व्हील सिलिंडर (ड्रममध्ये शू ढकलणारा भाग) गळतोय. ब्रेक ऑइल रंग आणि लॅकर उचलतं, त्यामुळे ते ताबडतोब पाण्याने धुवा. सिलिंडर बदलल्याशिवाय आणि ऑइल लागलेले ब्रेक शू नवे टाकल्याशिवाय गाडी घाटात नेऊ नका.