आमची वाटचाल : तपासणीचे पैसे वेगळे

कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत वडिलांचं रेडिओ-टेपरेकॉर्डर दुरुस्तीचं दुकान होतं. मी आणि धाकटा भाऊ तिथंच सोल्डरिंग गन धरायला शिकलो. पुढं पिक्चर ट्यूबच्या टीव्हीवर बरीच वर्षं बरी चालली. फ्लायबॅक गेला, आउटपुटचा ट्रान्झिस्टर गेला, नवा टाकला, मजुरी घेतली. गिऱ्हाईक जुना पार्ट मागून घ्यायचं, खिशात टाकायचं आणि पैसे त्या पार्टचेच दिले असं धरून चालायचं. आमचाही हिशेब तसाच होता.

तो हिशेब प्लाझ्मानं, म्हणजे मोठ्या सपाट पडद्याच्या टीव्हीनं, मोडला. 2010 चा फुटबॉल वर्ल्ड कप आणि पाठोपाठ 2011 चा क्रिकेटचा. कोल्हापुरात पेठापेठांत ब्राझील-अर्जेंटिनाचे झेंडे लागतात, हे बाहेरच्यांना सांगून पटत नाही. काही तालमींनी वर्गणी काढून 42 आणि 50 इंची प्लाझ्मा घेतले, हौशी घरांतही आले. चेंडू पळताना चित्र फाटत नाही आणि काळा रंग काळाच दिसतो, यात त्या वेळच्या एलसीडीला प्लाझ्माची सर नव्हती. दोन-तीन वर्षांत तेच संच दोघांनी उचलून आमच्या दारात यायला लागले.

मागचं झाकण काढलं की आत एक नव्हे, सात-आठ बोर्ड. पॉवर सप्लाय, मेन बोर्ड, लॉजिक बोर्ड, एका बाजूला पडदा पेटता ठेवणारा वाय-सस्टेन आणि त्याला जोडलेले, आडव्या ओळींना व्होल्टेज वाटणारे बफर, दुसऱ्या बाजूला त्याचा जोडीदार झेड-सस्टेन (काही कंपन्या त्यालाच एक्स म्हणतात), खाली उभ्या रेघा सांभाळणारे ॲड्रेसचे बोर्ड. काचेच्या दोन पत्र्यांमध्ये निऑन-झेनॉन वायूच्या लाखो बारीक खोल्या. त्या पेटत्या ठेवायला लागणारा व्होल्टेज म्हणजे व्हीएस, बहुतेक संचांत 165 ते 210 व्होल्टच्या दरम्यान, आणि तोही डीसी. संच बंद केला तरी कॅपॅसिटरमध्ये तो काही वेळ दबा धरून बसतो. म्हणून दुकानाचा पहिला नियम: वायर काढा, थांबा, 100 वॅटचा बल्ब लावून चार्ज उतरवा, मीटरवर शून्य बघा, मगच हात घाला. नवीन पोराला पहिले काही महिने आम्ही एवढंच करायला लावतो. पोरं कंटाळतात. कंटाळू देत.

सगळ्यात जास्त येणारी तक्रार म्हणजे "मिस्त्री, टिक आवाज येतोय, लागतोय आन् परत बंद पडतोय." टिक म्हणजे रिले (आतला स्विच) ओढला, पाच व्होल्टचा स्टँडबाय ठीक आहे. व्हीएस चढायला जातो, पुढं कुठंतरी शॉर्ट सापडतो आणि संच स्वतःला वाचवायला बंद होतो. इथं दोष पॉवर सप्लायचा वाटतो आणि बरेच जण तोच बदलून मोकळे होतात. आम्ही आधी संच बंद ठेवून व्हीएस आणि ग्राउंडमधला रेझिस्टन्स मोजतो. मग वायचा सप्लायचा कनेक्टर काढून बघतो, मग झेडचा. ज्याचा कनेक्टर काढल्यावर व्हीएस उभा राहतो, चोर त्या बाजूला.

वाय-सस्टेन जळालेला सापडला म्हणून नवा आणून बसवला, असं करून भागत नाही. त्याला जळवणारा बहुतेक वेळा बफर असतो. बफर सुटा करून, मीटर डायोडवर ठेवून एकेक आउटपुट तपासावा लागतो. एक पाय जरी शॉर्ट निघाला आणि तसाच नवा बोर्ड लावला, तर नवाही चालू करताक्षणी जातो. गिऱ्हाईकाच्या बोर्डाचे पैसे पाण्यात. हे मोजायला अर्धी दुपार जाते, आणि त्या दुपारी एकही पार्ट बदललेला नसतो. पैसे कशाचे मागायचे?

म्हणून पाटी लावली, तपासणी फी वेगळी. पहिलं वर्ष नुसती वादावादी. "बघायचे पण पैसे? दवाखाना काढलाय काय?" भाऊ म्हणायचा, पाटी काढू, गिऱ्हाईक तुटतंय. तुटलंही थोडं. पण आम्ही तपासून लेखी द्यायला लागलो: कुठला बोर्ड, कुठले आकडे, खर्च किती, आणि करावं की नाही. आवाज येतोय पण पडदा काळा, तर सस्टेनकडं बघा. अर्धा पडदा आडवा गेला, तर बफर. उभा रुंद पट्टा असेल तर ॲड्रेस बोर्ड किंवा त्याचा कनेक्टर, होण्यासारखं काम. पण केसाएवढी बारीक उभी रेघ म्हणजे काचेला चिकटवलेली पट्टी गेली, तिथं आम्ही हात जोडतो. पावसाळ्यात तर कधी कधी पॉवर सप्लायच्या पायांवर आडवी पडून वाळलेली पाल निघते. तिचे मात्र आम्ही फक्त तपासणीचेच घेतो.

बोर्ड बदलल्यावरचं एक काम अजूनही अनेक जण सोडतात. प्रत्येक पॅनलच्या मागं स्टिकर असतो, त्यावर त्या काचेचे व्हीएस, व्हीए (ॲड्रेसचा व्होल्टेज) वगैरे आकडे छापलेले असतात. नवा बोर्ड त्या आकड्यांवर बारीक स्क्रूड्रायव्हरनं जुळवावा लागतो. नाही जुळवला तर काळ्या भागात लाल-जांभळे ठिपके चमकतात आणि दोष पॅनलच्या माथी जातो.

पॅनासोनिकनं 2013 च्या अखेरीस प्लाझ्माचं उत्पादन थांबवलं, 2014 मध्ये सॅमसंग आणि एलजीनंही. नवे बोर्ड मिळेनात, तेव्हा काच फुटलेले संच भंगारवाल्यांकडून घेऊन त्यातले बोर्ड आम्ही तपासून, नंबर घालून ठेवले. 2019 च्या महापुरात खालचं कपाट बुडालं, त्यातले बरेच गेले. 2021 ला पंचगंगा 43 फुटांची धोका पातळी गाठायच्या आधीच सगळं माळ्यावर चढवलं होतं.

आज महिन्याकाठी एखाददुसरा प्लाझ्मा येतो. दुकान चालतं ते एलईडी टीव्ही, इन्व्हर्टर एसीचे बोर्ड आणि उद्यमनगरातल्या कारखान्यांच्या, मोटर चालवणाऱ्या ड्राइव्हवर. कारखानदार तपासणी फीवर घासाघीस करत नाही, मशीन किती दिवस उभं राहणार एवढंच विचारतो. प्लाझ्मा आणणार असाल तर उभाच आणा, आडवा झोपवून नको. आणि निघण्याआधी मागच्या स्टिकरचा फोटो पाठवा. त्या पॅनलचा बोर्ड माळ्यावर नसेल तर फोनवरच सांगू, टेम्पोचं भाडं वाचेल.