सगळे फुकट असताना लोक शिकत का नाहीत?

प्रौढ विद्यार्थ्यांसाठी चालणाऱ्या एका ऑनलाइन गणिताच्या अभ्यासक्रमात स्वाध्याय तपासण्याचे काम मी बरीच वर्षे करते आहे. हे कळले की समोरचा माणूस थोडा वेळ कौतुक करतो आणि मग त्याचा ठरलेला प्रश्न येतो: आता सगळे ज्ञान मोबाइलवर आहे, तेही फुकट, नामांकित विद्यापीठांची व्याख्याने घरबसल्या ऐकता येतात, मग इतके असूनही जो शिकत नाही, तो आळशीच म्हणायचा ना? हा प्रश्न विचारणारी माणसे सहसा स्वतः चांगली शिकलेली असतात आणि इंटरनेटवरून खरोखरच पुष्कळ काही शिकत असतात. आपल्याला जमले ते इतरांना का जमू नये, असे त्यांना मनापासून वाटते. तुम्हीही तेच विचारलेत, म्हणून या वेळी उत्तर जरा सविस्तर लिहिते.

प्रश्नातला पहिला भाग खरा आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने (एमआयटी) २००१ मध्ये आपल्या अभ्यासक्रमांचे साहित्य सर्वांसाठी खुले करण्याची घोषणा केली, तेव्हा तो मोठाच निर्णय होता. जे टिपण मिळवण्यासाठी पूर्वी प्रवेशपरीक्षा, शुल्क आणि परदेशवास यांची गरज लागे, ते कोणालाही वाचता येऊ लागले. दहा वर्षांनी, २०११ मध्ये, सेबास्टियन थ्रन आणि पीटर नॉर्विग यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठाचा कृत्रिम बुद्धिमत्तेचा अभ्यासक्रम इंटरनेटवर विनामूल्य शिकवला आणि त्यासाठी सुमारे १,६०,००० जणांनी नाव नोंदवले. विद्यापीठाच्या भिंती पडल्या, आता शिक्षण सर्वांचे झाले, अशी भाषा त्यानंतर सर्रास ऐकू येऊ लागली. त्या अभ्यासक्रमाच्या शेवटापर्यंत साधारण २३,००० जण पोहोचले, ही गोष्ट मात्र उत्साहाच्या भरात मागे पडली. आणि खरे सांगायचे तर २३,००० हा आकडाही लहान नव्हता.

पुढचे आकडे तितके दिलासा देणारे नाहीत. हार्वर्ड आणि एमआयटी यांच्या खुल्या अभ्यासक्रमांच्या सहा वर्षांच्या नोंदी तपासून जस्टिन राइश आणि होसे रुइपेरेस-वालियेन्ते यांनी २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात निष्कर्ष मांडले. नाव नोंदवणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांनी अभ्यासक्रम एकदाही उघडलेला नव्हता, आणि २०१७-१८ मध्ये तो पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास होते. अभ्यासक्रम पूर्ण करणे हीच शिकण्याची एकमेव कसोटी नाही, हा आक्षेप मला मान्य आहे. एखादा माणूस नेमका एक पाठ पाहायला येतो, त्याचे काम होते आणि तो निघून जातो. पण येणारे कोण होते, हे पाहिले की हा आक्षेप बराच फिका पडतो. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या खुल्या अभ्यासक्रमांतील विद्यार्थ्यांची २०१३ च्या सुमारास पाहणी झाली, तेव्हा दहांपैकी जवळपास आठ जण आधीच पदवीधर असल्याचे दिसले. ज्यांच्यासाठी दार उघडले असे सांगितले जात होते ते बाहेरच राहिले, आणि आत आलेल्यांपैकी बहुतेकांकडे दुसऱ्या दाराची किल्ली आधीपासूनच होती. दात आहेत तर चणे नाहीत, ही जुनी तक्रार चण्यांचा ढीग ओतून मिटत नाही.

येथे बहुतेक जण म्हणतात, की मग अडचण उपकरणांची आणि इंटरनेटची आहे. ती सुटली की झाले. अडचण आहेच, आणि ती लहानही नाही. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा जगभरातील सुमारे १६० कोटी विद्यार्थी घरी बसले, आणि त्यांच्यापैकी किमान ४६ कोटी ३० लाख मुलांपर्यंत दूरस्थ शिक्षण पोहोचूच शकत नव्हते, असा युनिसेफचा अंदाज होता. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या अंदाजानुसार २०२४ मध्येही जगातील सुमारे २६० कोटी लोक इंटरनेटबाहेर होते. जे ‘आत’ आहेत असे आपण मोजतो त्यांचीही अवस्था सारखी नसते. माझ्याकडे येणारे कितीतरी स्वाध्याय मध्यरात्रीच्या सुमारास येतात, कारण घरातला एकच फोन तेव्हा कुठे मोकळा होतो. वहीच्या पानाचा फोटो काढताना दिव्यासमोर हात येतो आणि त्याची सावली नेमकी शेवटच्या ओळीवर पडलेली असते. आकडेवारीत हा विद्यार्थी ‘इंटरनेट उपलब्ध’ या रकान्यात जातो. तरीही मी हा मुद्दा येथेच थांबवते, कारण फोन हातात आला, रेंज मिळाली आणि डेटाही पुरला, तरी शिकणे आपोआप सुरू होत नाही, आणि याविषयी फारच कमी बोलले जाते.

एक उदाहरण देते. अपूर्णांकांच्या बेरजेवरचा स्वाध्याय होता. एका विद्यार्थ्याने सुवाच्य अक्षरात, रेघ मारून, १/२ + १/३ = २/५ असे लिहिले होते. वर अंशांची बेरीज, खाली छेदांची बेरीज. पुढची पाचही उदाहरणे त्याने याच पद्धतीने सोडवली होती आणि पाचही चुकली होती. सोबत त्याने प्रांजळपणे लिहिले होते, की व्हिडिओ दोनदा पाहिला आणि समजला. तो खोटे बोलत नव्हता. व्हिडिओत छेद समान करून घेण्याची कृती स्पष्ट सांगितलेली होती. ती पाहताना त्याला सगळे पटत गेले, आणि कागदावर उतरताना हाताने त्याची जुनीच सवय चालवली. स्वयंचलित तपासणीने सहाही उत्तरांपुढे लाल खूण करून योग्य उत्तर दाखवले असते. मी त्याला एवढेच लिहिले, की तुमच्याजवळ आधी अर्धा होता, त्यात तुम्ही आणखी काही मिळवले, आणि आता तुमच्याजवळ दोन पंचमांश आहे; दोन पंचमांश अर्ध्यापेक्षा जास्त की कमी? काही दिवसांनी त्याचे उत्तर आले. त्याने एक पट्टी काढली होती, तिचे आधी पाच भाग करून ते खोडले होते आणि शेजारी दुसऱ्या पट्टीचे सहा भाग केले होते. खाली कोणतेही स्पष्टीकरण नव्हते, फक्त ५/६.

या देवघेवीत मी कोणतेही ज्ञान दिले नाही. जे हवे होते ते सगळे व्हिडिओत होते, विनामूल्य आणि माझ्यापेक्षा नीटनेटक्या पद्धतीने मांडलेले. व्हिडिओला दिसत नव्हती ती फक्त त्याची वही. विद्यार्थ्याने केलेले काम कोणीतरी पाहते, त्यातली नेमकी जागा ओळखते आणि ते परत पाठवते, ही परतीची वाट जेथे आहे तेथे शिक्षण पोहोचले असे मी समजते. जेथे नाही तेथे साहित्य पोहोचले, एवढेच म्हणता येईल.

दूरस्थ शिक्षण ज्यांनी मनापासून केले त्यांना हे फार पूर्वीच उमगले होते. ब्रिटनमध्ये १८४० साली एका पेनीत पत्र पोहोचवणारी टपालव्यवस्था सुरू झाली आणि आयझॅक पिटमन टपालाने लघुलेखन (शॉर्टहँड) शिकवू लागले. लघुलेखनाची पुस्तके त्यापूर्वीही विकत मिळत होती. पिटमन यांच्या पद्धतीत नवीन होते ते असे, की विद्यार्थ्याने उतारा लघुलिपीत लिहून पाठवायचा आणि तो दुरुस्त होऊन त्याच्याकडे परत यायचा. स्वस्त टपालाचा हा खरा उपयोग होता. ब्रिटनचेच मुक्त विद्यापीठ १९६९ मध्ये स्थापन झाले आणि १९७१ मध्ये त्याचे पहिले विद्यार्थी शिकू लागले. प्रवेशासाठी पूर्वशिक्षणाची अट नाही, ही त्याची ख्याती. आणि रात्री-अपरात्री दूरचित्रवाणीवर लागणारी त्याची व्याख्याने ही त्याची ओळख. लोकांच्या लक्षात ती व्याख्याने राहिली, पण विद्यापीठ उभे राहिले ते प्रत्येक विद्यार्थ्याला नेमून दिलेल्या मार्गदर्शकांवर, जे स्वाध्याय तपासत आणि त्यावर चार शब्द लिहून ते परत पाठवत. दूरचित्रवाणीचे कौतुक करणारे नियोजनकार पुढे इतर अनेक ठिकाणी आले आणि मार्गदर्शकांचा खर्च मात्र अंदाजपत्रकातून गाळत गेले.

आता आफ्रिकेतील बोट्स्वाना या देशाचे उदाहरण पाहा. माझ्या मते ते या विषयावरचे सर्वात बोलके उदाहरण आहे. २०२० मध्ये तेथील शाळा बंद असताना नोअम अँग्रिस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राथमिक शाळेतील मुलांच्या सुमारे ४,५०० कुटुंबांवर एक प्रयोग केला. काही कुटुंबांना आठवड्याला गणिताची उदाहरणे साध्या एसएमएसने पाठवली. काहींना एसएमएस पाठवून शिवाय आठवड्यातून एकदा शिक्षकाचा फोन जाई. वीसेक मिनिटांच्या त्या संभाषणात मूल आणि पालक दोघेही असत आणि ती उदाहरणे एकत्र सोडवली जात. ना स्मार्टफोन, ना इंटरनेट, ना चित्रे. केवळ एसएमएस मिळालेल्या मुलांमध्ये ठोस आणि सातत्याचा फरक दिसला नाही. फोन आलेल्या मुलांची गणितातील प्रगती मात्र स्पष्टपणे मोजता आली. दोन्ही गटांना तीच उदाहरणे मिळाली होती. तंत्रज्ञान म्हणाल तर दोन्हींकडे जुनाच फोन होता. फरक इतकाच होता, की एका गटात पलीकडून कोणीतरी ‘तुला काय उत्तर आले?’ असे विचारत होते.

तुमच्या प्रश्नातला आळसाचा आरोपही तपासून पाहिला गेला आहे, हे तुम्हाला कदाचित ठाऊक नसेल. हार्वर्ड, एमआयटी आणि स्टॅनफर्ड यांच्या सुमारे २५० ऑनलाइन अभ्यासक्रमांत, जवळपास अडीच लाख विद्यार्थ्यांवर, इच्छाशक्तीला हातभार लावणाऱ्या छोट्या उपायांचे प्रयोग झाले. त्यांचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. अभ्यास केव्हा आणि कसा करणार, याचे नियोजन विद्यार्थ्यांना सुरुवातीलाच लिहायला लावले, तर पहिले काही आठवडे थोडा फायदा होई. पुढे तो विरून जाई. आळस हेच मुख्य कारण असते, तर संकल्प लिहून घेण्याने त्याला थोडा तरी टिकाऊ आळा बसायला हवा होता. मला स्वतःला यात नवल वाटले नाही. ज्या कामाची कोणी वाट पाहत नाही ते काम थकलेला माणूस उद्यावर ढकलतो, मग तो पदवीधर असो वा नसो. पदवीधराचा फायदा असा, की त्याच्या मनात पूर्वीच्या शिक्षकांपैकी एखादा कायमचा बसलेला असतो, आणि स्वतःचे काम त्या परक्या नजरेने तपासण्याची सवय त्याला लागलेली असते. ती सवय त्याला कोणत्याही ॲपने लावलेली नसते.

हल्ली या प्रश्नाला एक शेपूटही जोडले जाते: आता कृत्रिम बुद्धिमत्ता आहे, ती कितीही वेळा, न कंटाळता उत्तर देते, मग तुमची परतीची वाटही यंत्रच चालवील. ही शक्यता मी झटकून टाकत नाही, कारण न कंटाळणे हा खरोखरच मोठा गुण आहे आणि तपासनिसांकडे तो नेहमी असतोच असे नाही. तुर्कस्तानातील एका माध्यमिक शाळेत सुमारे १,००० विद्यार्थ्यांवर झालेल्या आणि २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात या शक्यतेच्या दोन्ही बाजू दिसतात. ज्यांना गणिताच्या सरावासाठी साधा चॅटबॉट दिला, त्यांचे सरावातील गुण ४८ टक्क्यांनी वाढले. पण तो काढून घेऊन परीक्षा घेतली तेव्हा त्यांना, चॅटबॉट कधीच न मिळालेल्या मुलांपेक्षा १७ टक्के कमी गुण पडले. दुसऱ्या गटाच्या चॅटबॉटला थेट उत्तर न देता शिक्षकांनी तयार केलेले इशारेच देण्यास बांधले होते. त्या मुलांचे सरावातील गुण आणखी वाढले आणि परीक्षेतला तोटाही जवळजवळ नाहीसा झाला. मात्र परीक्षेत ती, चॅटबॉट न मिळालेल्या मुलांच्या पुढे गेली नाहीत. यंत्राला काय विचारायचे आणि कुठे थांबायचे हे शिक्षकाने ठरवले तेव्हा हानी टळली, असा मी याचा अर्थ घेते. आणखी एक गोष्ट चॅटबॉट सहसा करत नाही: दोन आठवडे काहीच आले नाही, म्हणून तो आपणहून विचारपूस करत नाही. माझ्या कामाचा बराच मोठा भाग ही विचारपूसच आहे, आणि त्याची नोंद कोणत्याही अहवालात होत नाही.

यावर खर्चाचा आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. माणसे महाग असतात. व्हिडिओ एकदा बनवला की लाखो जण पाहू शकतात, पण एक तपासनीस लाखो वह्या पाहू शकत नाही. तरीही मधली वाट आहे. जॉर्जिया टेक या अमेरिकी संस्थेने २०१४ मध्ये संगणकशास्त्राची पदव्युत्तर पदवी ऑनलाइन सुरू केली. ती विनामूल्य नव्हती, पण तिचे शुल्क प्रत्यक्ष वर्गातील पदवीच्या मानाने फारच कमी ठेवले होते, आणि त्यातून साहाय्यक शिक्षकांची फौज बाळगली गेली. अर्थशास्त्रज्ञांनी पुढे तिचा अभ्यास केला, तेव्हा असे दिसले की तेथे आलेले विद्यार्थी बहुधा दुसऱ्या विद्यापीठातून ओढून आणलेले नव्हते. ती मुख्यतः मधल्या वयाची, नोकरी करणारी माणसे होती, आणि ही सोय नसती तर त्यांच्यापैकी बहुतेकांनी पुढे शिक्षण घेतलेच नसते. माझ्या मते विनामूल्य आणि एकाकी शिक्षणापेक्षा, परवडणारे आणि कोणीतरी तपासणारे शिक्षण अधिक लोकांच्या पदरात पडते. आणि जेथे तेही परवडत नाही तेथे सार्वजनिक पैसा आणखी व्हिडिओंवर न घालता तपासणाऱ्या माणसांवर घालावा.

त्यामुळे एखादी संस्था आपल्याकडे इतके लाख विद्यार्थी असल्याचे सांगते, तेव्हा मी एवढेच विचारते, की विद्यार्थ्याने पाठवलेला स्वाध्याय तपासून परत जायला तुमच्याकडे किती दिवस लागतात आणि तो तपासणाऱ्याला तुम्ही काय देता. काही ठिकाणी या प्रश्नाचे नेमके उत्तर मिळते. बहुतेक ठिकाणी मला नोंदणीचा आकडा पुन्हा एकदा, थोड्या मोठ्या आवाजात, सांगितला जातो.