तीन महिन्यांचा हिशेब

आज डायबेटिसचा रिपोर्ट आला. एचबीएवनसी ६.७! मार्चमध्ये ८.४ होतं. रक्तातल्या साखरेचा साधारण तीन महिन्यांचा हिशेब असतो तो, आदल्या दिवशी उपाशी राहून फसवता येत नाही (प्रयत्न करून झालाय).

जादू काही नाही. भात वाटीभर, पोळीऐवजी ज्वारीची भाकरी, तीही आधी काकडी-मुळा नि मटकीची उसळ खाऊन. जेवल्यावर सोसायटीत पंधरा मिनिटं फेऱ्या. चहातली साखर सोडताना मात्र महिनाभर रडले.

शेजारच्या काकू म्हणाल्या, "आता गोळ्या बंद कर गं, कारल्याचा रस घे." डॉक्टरांनी एक गोळी कमी केलीय, दुसरी चालूच आहे. आईनं अशाच परस्पर सोडल्या होत्या. पायाची जखम चार महिने भरली नव्हती.

रात्री सासूबाईंनी मुद्दाम भरली वांगी केली. दोन भाकऱ्या झाल्या. फेऱ्याही वाढवल्या.