मोझेलचा उतार आणि प्रूम घराण्याचे मळे

फ्रँकफर्टहून जर्मनीतल्या मोझेल नदीच्या वाइनसाठी प्रसिद्ध खोऱ्यात निघणार असाल तर गाडी घरीच ठेवा, म्हणजे चालवणाऱ्याला कोरडं बसावं लागणार नाही. कोब्लेंट्समार्गे रेल्वेने विटलिश, तिथून बसने बेर्नकास्टेल-कुएस. पुढे वेलेन चारेक किलोमीटर, नदीकाठाने सायकलवर मजेत होतं.

वेलेनला काठावरच योह. योस. (योहान योसेफ) प्रूम या वाइन बनवणाऱ्या घराण्याचं घर आणि वाइनचं तळघर आहे. पण आधी मळा बघा, मग वाइन. झुलता पूल ओलांडला की समोर 'झोनेनऊर' हा मळा. 1842 मध्ये योडोकुस प्रूम यांनी मजुरांना वेळ कळावी म्हणून इथे सूर्यघड्याळ उभारलं, त्यावरून हे नाव. पुढे 1911 मध्ये घरात वाटण्या झाल्या आणि योहान योसेफ यांच्या वाट्याच्या जमिनीवर आजचं घराणं उभं राहिलं. आता एकाच उतारावर अनेक घरांचे तुकडे शेजारी शेजारी आहेत. भाऊवाटणी आपल्यालाही नवी नाही, त्यामुळे हे चित्र लगेच ओळखीचं वाटतं.

आमचं घर निफाडकडचं, त्यामुळे नजर आधी वेलीकडेच गेली. मांडव नाही. जुन्या पद्धतीच्या मळ्यात प्रत्येक वेलीला एकच खांब आणि काड्या गोल वाकवून त्यालाच बांधलेल्या. आपल्याकडे डॉगरिजच्या खुंटाशिवाय, म्हणजे ज्या दुसऱ्या जातीच्या मुळावर द्राक्षाचं कलम बांधतात त्याशिवाय, बाग लावायचं कुणी मनात आणत नाही. इथे बऱ्याच जुन्या वेली स्वतःच्याच मुळांवर उभ्या आहेत. एप्रिलची खरड आणि ऑक्टोबरची गोडी अशा दोन छाटण्या नाहीत, थंडीत एकदाच. पायाखाली माती दिसतच नाही, निळसर करड्या पाटीच्या दगडाचे चपटे तुकडे. ऊन उतरल्यावर एक उचलून पाहा, कोमट लागतो. थंड प्रदेशात रीसलिंग हे इथलं पांढऱ्या वाइनचं द्राक्ष पिकतं त्यात या साठवलेल्या उबेचा मोठा वाटा आहे. चढ मात्र जीवघेणा, काम बहुतेक हातानेच. तिथल्या मजुरांबद्दल मला फार आदर वाटला.

बूट घट्ट पकडीचे घाला, दगड सरकतात. तळघर बघायला आधी ईमेलने वेळ घ्या. सप्टेंबर-ऑक्टोबरात तोडणीची धांदल असते, तेव्हा नको. सुरुवात काबिनेट या वाइनच्या प्रकाराने करा: हलकी, जराशी गोड, अल्कोहोल कमी. ताज्या बाटलीला कधी कधी पेटवलेल्या काडीचा वास येतो. घाबरू नका, ग्लासात थोडा वेळ ठेवला की जातो. तळघराची वेळ मिळाली नाही तर कुएसच्या संत निकोलस हॉस्पिटल या जुन्या वृद्धाश्रमाच्या आवारात मोझेलच्या वाइन चाखायला मिळतात.