नफा 28 लाख, मग पैसा गेला कुठं?

अकाउंटच्या कामात एक प्रश्न दरवर्षी ठरलेला असतो. ताळेबंद हातात दिला की समोरचा माणूस नफ्याच्या आकड्यावर बोट ठेवून म्हणतो, "मॅडम एवढा नफा झालाय म्हणता, मग बँकेत पैसा का दिसत नाही?" बरेच जण विचारतात आणि सोडून देतात. पण शिरोली एमआयडीसीतले दोघं भाऊ आमच्या कोल्हापूरच्या ऑफिसात आले तेव्हा याच प्रश्नावरून त्यांच्यात वाटण्यांची भाषा सुरू झाली होती.

भागीदारी फर्म, मशीन शॉप. फाउंड्रीतून कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग घ्यायचे, सीएनसी-व्हीएमसी या कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर त्यांचं मशीनिंग करायचं आणि पुण्याकडच्या एका मोठ्या कंपनीला माल द्यायचा. बँक आणि चेकवरची सही थोरल्याकडं, शॉप धाकट्याकडं. वर्षाचा नफा 28 लाख, आणि सीसीची (कॅश क्रेडिट, बँकेचं धंद्यासाठीचं खेळतं कर्ज) 30 लाखाची लिमिट काठोकाठ भरलेली, कामगारांच्या पगाराची ओढाताण. धाकटा बसल्या बसल्याच म्हणाला, "दिवसरात्र मशीन मी चालवली, 28 लाख मिळाले, ते कुठं गेले ते दादानं सांगावं." थोरला एक शब्द बोलला नाही, खाली मान घालून नुसता चहाचा कप फिरवत बसला. मला ते बघवलं नाही, कारण पुस्तकं मी लिहिलेली होती आणि त्या माणसानं एक रुपया इकडचा तिकडं केलेला नव्हता हे मला माहीत होतं. पण नुसतं सांगून कोण ऐकतंय.

मग मी ताळेबंद बाजूला ठेवला, कोरा फुलस्केप धाकट्यापुढं सरकवला आणि म्हटलं तुम्हीच लिहा. कूलंटनं चिरा पडलेल्या बोटांत पेन धरून त्यानं वर 28 लिहिलं. म्हटलं आता 9 मिळवा, डेप्रिसिएशनचे. "का?" कारण घसारा खर्चात धरलाय पण ते पैसे कुणाला दिलेलेच नाहीत, मशीन जुनी होत जाते त्याचा तो आकडा आहे, मशिनरीवर वर्षाला 15 टक्के. झाले 37.

आता वजा. उधारी मागच्या मार्चला 34 लाख होती, या मार्चला 55, म्हणजे 21 लाखाचा माल गेला, नफ्यात धरला, पण पैसा कंपनीकडंच. इथं तो थांबला. म्हणाला, "मग न आलेला पैसा नफ्यात धरताच कशाला?" प्रश्न रास्त आहे, पण बिल फाडलं की विक्री झाली असं धरूनच ही पुस्तकं लिहिली जातात, आणि जीएसटीसुद्धा बिलावरच लागतो, कंपनीनं पैसे देवोत न देवोत पुढच्या महिन्याच्या 20 तारखेला आपल्याला भरावा लागतो. 37 चे उरले 16. स्टॉक 6 लाखानं वाढलेला, म्हणजे तेवढा पैसा मालात अडकला, उरले 10. फाउंड्रीवाल्यांचं देणं 4 लाखानं वाढलं होतं, म्हणजे तेवढ्या पैशासाठी ते थांबले, झाले 14.

मग बँकेचे हप्ते. व्याज नफा काढतानाच खर्चात गेलेलं असतं, पण मुद्दल 8 लाख फेडलं ते खर्चात कुठंच दिसत नाही कारण ते आपलंच कर्ज कमी झालं. उरले 6. नवीन व्हीएमसी 40 लाखाची, बँकेनं 30 दिले, 10 लाख मार्जिन, म्हणजे आपला वाटा, फर्मनं घातलं. आता आकडा मायनसमधे, 4. दोघांची मिळून घरखर्चाची उचल 5. अॅडव्हान्स टॅक्स 3. खाली आलं मायनस 12.

मी सीसीचं स्टेटमेंट पुढं ठेवलं. मागच्या 31 मार्चला वापर 18 लाख, या 31 मार्चला 30. फरक 12. धाकट्यानं मोबाईलवर परत एकदा सगळी बेरीज-वजाबाकी केली, मग कागद थोरल्याकडं सरकवला आणि म्हणाला, "दादा, हे तू मला आधीच का दाखवलं नाहीस?" थोरला म्हणाला, "मला तरी कुठं असं मांडता येत होतं."

मला याचंच वाईट वाटतं. कॅश फ्लो स्टेटमेंट म्हणजे हाच कागद, पण कायद्यानं ते मोठ्या कंपन्यांनाच लागतं, कंपनी कायद्यात स्मॉल कंपनीलासुद्धा सूट आहे, आणि भागीदारी-प्रोप्रायटरीत तर कुणी मागतच नाही. ज्यांच्या घरात पैशावरून भांडणं होतात त्यांच्याच फाइलला तो कागद नसतो! माझं स्पष्ट मत आहे की ताळेबंदाबरोबर हे एक पान प्रत्येक अकाउंटंटनं द्यावंच, कायदा सांगो न सांगो.

खरं दुखणं त्या 21 लाखात होतं. पर्चेस ऑर्डरवर 45 दिवस लिहिलेले आणि पैसे यायचे शंभर दिवसांनी. त्यात दुहेरी मार, कारण बँक डीपी (ड्रॉइंग पॉवर, म्हणजे लिमिटमधून प्रत्यक्ष किती उचलता येईल तो आकडा) काढताना नव्वद दिवसांच्या पुढची बिलं धरतच नाही, म्हणजे उधारी वाढते आणि लिमिटही आवळली जाते. एमएसएमई (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग) कायद्यात उशिराला रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज आहे, सरकारी पोर्टलवर तक्रारही करता येते, पण एकाच गिऱ्हाइकावर शॉप चालत असेल तर तक्रार करायचं धाडस कोण करणार, आणि मी पण तो सल्ला दिला नाही. दोन गोष्टी करायला लावल्या. यांचं उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे लघुउद्योग म्हणून सरकारी नोंद होती पण कंपनीला ती कळवलेलीच नव्हती, तो नंबर बिलावर छापून घेतला, कारण 2023 च्या बजेटमधे आयकर कायद्यात आलेल्या 43बी(एच) कलमामुळं सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत आणि मार्च एंडलाही थकलेले राहिले तर कंपनीला त्या वर्षी आयकरात तो खर्च मिळत नाही, आणि ही गोष्ट त्यांच्या फायनान्सवाल्यांना बरोबर कळते. दुसरं म्हणजे ट्रेड्स, बिलावर बँकांकडून आधीच पैसे मिळवायची ऑनलाइन सोय. 250 कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना तिथं नोंदणी सक्तीची झालीय, तिथं कंपनीनं बिल मान्य केलं की बँका त्यावर बोली लावतात आणि थोडं व्याज कापून पैसे लगेच मिळतात, उद्या कंपनीनं बुडवले तरी बँक आपल्या मागं लागत नाही.

बिल मान्य करून घ्यायला बरेच फोन करावे लागले, पर्चेसवाले अकाउंटकडं बोट दाखवायचे आणि अकाउंटवाले पर्चेसकडं. ते सगळे फोन धाकट्यानं केले. आता दर महिन्याला किती दिवसांची किती उधारी त्याची यादी आणि सीसीचा बॅलन्स मी दोघांच्या व्हॉट्सअॅपवर एकाच वेळी टाकते.