चीनमधल्या शिआनमध्ये आई-बाबा

आज आई-बाबांना दायान पॅगोडा, म्हणजे इथला जुना बौद्ध मनोरा, दाखवला. सम्राटाच्या थडग्याजवळचे मातीचे सैनिक काल उरकले. गर्दी एवढी की बाबांनी अर्धं सैन्य माझ्या मोबाइलवरच पाहिलं. आज मात्र स्वारी खुशीत होती. युआन श्वांगने भारतातून आणलेल्या पोथ्या नीट राहाव्यात म्हणून 652 साली हा पॅगोडा उभारला. शाळेत आपण ज्याला ह्युएन त्संग म्हणायचो, तोच हा. बाहेर चौकात त्याचा भलामोठा पुतळा आहे.

बाबा निवृत्त इतिहासाचे मास्तर. मग काय, पुतळ्यासमोरच तास सुरू! हा महाराष्ट्रात येऊन गेला, दुसऱ्या पुलकेशीबद्दल लिहिलं, आणि तिथली माणसं मानी, उपकार न विसरणारी, पण डिवचलं तर सूड घेणारी असंही नोंदवून ठेवलं. "तुझ्या माहेरी उतरला असणार," बाबा आईला म्हणाले. आईने पुढचा अर्धा तास फक्त माझ्याशी बोलून युआन श्वांगला खरं ठरवलं.

जेवणाचं तेवढं अवघड. मांस नको हे प्रत्येक ठिकाणी निक्षून सांगावं लागतं. लियांगपी, म्हणजे व्हिनेगर आणि तिखट तेलातले थंड नूडल्स, आईला चक्क आवडले. वर पर्समधलं मेतकूट पडलंच.

पैसे सगळे माझ्या फोनवरून जातात, म्हणून बाबा वहीत हिशेब लिहितायत. आईस्क्रीमसुद्धा!

उद्या मिंग काळातली तटबंदी. फेरी जवळपास 14 किलोमीटरची, वर सायकली भाड्याने मिळतात. आई म्हणतेय, डबलसीट बघ.