हिंगण्यातला १४ जून

शाळा नुकतीच सुरू झालेली असायची. वसतिगृहात नव्याने आलेल्या मुली रात्री उशीत तोंड खुपसून रडायच्या, बाहेर पाऊस लागलेला असायचा. अशातच १४ जून यायचा. त्या दिवशी भल्या पहाटे आंघोळी, ट्रंकेतला ठेवणीतला परकर-पोलका, आणि ओल्या मातीतून सगळ्याजणी निघायचो झोपडीकडे.

ही झोपडी म्हणजे आमच्या हिंगण्याच्या संस्थेचं देवघरच. १४ जून १८९६ ला अण्णांनी, म्हणजे धोंडो केशव कर्व्यांनी, पुण्यात अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापन केली आणि १९०० मध्ये आश्रम पुण्याजवळच्या हिंगण्याला आणला. रावबहादूर गोखल्यांनी दिलेल्या माळावर ही एक झोपडी उभी राहिली, तीच शाळा आणि तेच घर. शिकणाऱ्या बहुतेक बालविधवा.

आमच्या बाई दरवर्षी त्या पहिल्या वर्षाची गोष्ट सांगायच्या. अण्णा फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायचे. कॉलेज सुटलं की तिथून चालत हिंगण्याला, मुलींना शिकवायचं, मुक्काम तिथेच, सकाळी पुन्हा चालत कॉलेजला. पावसाळ्यात ती वाट म्हणजे निव्वळ चिखल. इथे बाई थांबायच्या आणि आमच्या चिखलाने बरबटलेल्या पायांकडे बघायच्या. आम्हीही बघायचो.

गोष्ट तीच, पण दरवर्षी मला तिच्यात वेगळंच काही भेटायचं. पाचवीत असताना नुसती भीती वाटली होती, रानात रात्री त्या मुली झोपल्या कशा? आठवीत बाया कर्वे आठवत राहिल्या. त्याही बालविधवा, १८९३ मध्ये अण्णांशी लग्न झालं म्हणून गावाने दोघांना वाळीत टाकलं. त्यांच्या बहीण पार्वतीबाई आठवले तर आश्रमासाठी वर्गणी मागत थेट अमेरिकेपर्यंत गेल्या. भाऊबिजेला संस्थेसाठी ओवाळणी गोळा करणारी मंडळी दारोदार जायची, तेव्हा मला त्यांच्यात पार्वतीबाईच दिसायच्या.

मग शिऱ्याच्या वाटीसाठी रांग लागायची. स्वयंपाकघरातल्या मावशी नव्या मुलींना मुद्दाम एक डाव जास्त वाढायच्या. जानेवारीतल्या स्नेहसंमेलनात नाच, नाटकं, बक्षिसं सगळं असायचं. पण माझा जीव जडला तो या भिजलेल्या सकाळीवरच. त्या दिवसानंतर रात्रीचं रडणं कमी व्हायचं, हे मी सहा वर्षं पाहिलं आहे.

दहावीत असताना नव्या मुलींना झोपडीपाशी न्यायचं काम माझ्याकडे आलं. पाचवीतली एक बारकी पोर माझं बोट सोडेना. सगळी गोष्ट ऐकून झाल्यावर हळूच म्हणाली, "ताई, त्या मुलींना घरून न्यायला कुणी यायचं का गं सुट्टीत?"

मी तिला जवळ घेतलं. बाईंनी शिऱ्यासाठी हाक मारेपर्यंत आम्ही दोघी तिथेच उभ्या होतो.